वाचलेल्या युनिटचा मालक कोण?

यंत्रमागाच्या गावात महिन्यातून एक आठवडा असा येतो की, दोन कारखानदार भेटले तर सलाम-दुआनंतरचा पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो, बिलाचा असतो. "किती आले?" एवढेच विचारायचे आणि समोरच्याने आकडा सांगून हात आभाळाकडे न्यायचे. सूत महाग झाले तर आपण व्यापाऱ्याशी घासाघीस करतो, कारागिराची मजुरी वाढली तर दोन दिवस बोलणी चालतात. विजेच्या बिलाशी मात्र कोणी घासाघीस करीत नाही. ते आले की भरायचे, आणि भरता नाही आले तर लाइनमनची वाट पाहायची, अशी आपली रीत होऊन बसली आहे.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपली तक्रार वेगळी होती. तेव्हा वीजच नव्हती. राज्यात २००५ नंतर भारनियमनाचे जे दिवस आले ते भिवंडी-मालेगावचा कारागीर विसरलेला नाही. ज्या फिडरवर गळती जास्त आणि वसुली कमी, त्या फिडरवर अंधार जास्त, असा तो हिशेब होता. इमानाने बिल भरणाराही शेजाऱ्याच्या आकड्यापायी अंधारात बसला. आज वीज आहे, पण तिचा दर पेलवत नाही. तेव्हा मोर्चे निघाले ते विजेसाठी. आता निघतात ते सवलतीसाठी. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे. तिच्यासाठी अजून कोणी मोर्चा काढलेला नाही, आणि या लेखाचा विषय तीच आहे. ती म्हणजे कमी विजेत तेवढेच कापड काढणे, आणि त्यासाठी राज्य शासनाने कायद्याचा हात पुढे करणे.

कायदा आहे, पण कोणासाठी?

पुष्कळांना वाटते की विजेची बचत म्हणजे शाळेतल्या भिंतीवरचे सुविचार. तसे नाही. २००१ साली संसदेने ऊर्जा संवर्धन कायदा केला. त्याच्या अंमलासाठी १ मार्च २००२ रोजी दिल्लीत ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला. फ्रिज, एअर कंडिशनर, पंखा यांवर जे ताऱ्यांचे लेबल आपण पाहतो ते या ब्युरोचे काम. पुढे २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दंडाची कमाल मर्यादा दहा हजारांवरून दहा लाखांवर गेली. २०२२ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली आणि ती १ जानेवारी २०२३ पासून लागू आहे.

या कायद्यात राज्याला काय अधिकार दिले आहेत ते आपल्या संघटनांनी एकदा बसून वाचायला हवे. कलम १५ प्रमाणे राज्य शासन इमारतींचे वीज-नियम आपल्या हवामानाप्रमाणे बदलू शकते, बचतीच्या कामासाठी एक यंत्रणा नेमू शकते, लोकांना प्रशिक्षण देऊ शकते, कार्यक्षम यंत्रांना उत्तेजन देऊ शकते. महाराष्ट्रात हे काम 'महाऊर्जा'कडे आहे. कलम १६ प्रमाणे राज्याने ऊर्जा संवर्धन निधी उभारायचा आहे. म्हणजे कायद्याने राज्याच्या हातात लेखणीही दिली आहे आणि थैलीही.

मग अडचण कोठे आहे? हा कायदा मुख्यतः मोठ्यांकडे पाहतो, ही अडचण आहे. ज्या कारखान्यांना ऊर्जावापराचे लक्ष्य ठरवून दिले जाते, त्यांत कापड उद्योगासाठी मर्यादा वर्षाला ३,००० टन खनिज तेलाइतक्या ऊर्जेची आहे. ही मर्यादा निव्वळ विजेत मोजली तर सुमारे साडेतीन कोटी युनिट होते. आपला चोवीस साच्यांचा कारखाना वर्षाला एक लाख युनिटच्या आसपास वीज घेतो असे धरा. म्हणजे असे साडेतीनशे कारखाने एकत्र केले तर कुठे कायद्याच्या नजरेत भरेल असा एक ग्राहक तयार होतो! मोठ्या गिरणीला ऊर्जा-तपासनीस आहे, लक्ष्य आहे, लक्ष्यापेक्षा जास्त बचत केली तर ती प्रमाणपत्राच्या रूपाने विकण्याची सोय आहे. आपल्या गल्लीतल्या साडेतीनशे कारखान्यांना यांतले काही नाही. त्यांना फक्त मीटर आहे.

कोणी म्हणेल, बरेच झाले, आणखी एक इन्स्पेक्टर दारात नको. ही भीती मला समजते. पण ज्या कायद्याच्या कक्षेत आपण नाही, त्याच्या लाभाच्या कक्षेतही आपण नाही, ही दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

एका कारखान्याचा हिशेब

हवेत बोलण्यापेक्षा कागद-पेन्सिल घेऊ. एक साधा चोवीस साच्यांचा कारखाना. प्रत्येक साच्याला एक हॉर्सपॉवरची मोटार. कारखाना दिवसाला वीस तास आणि महिन्याला पंचवीस दिवस चालतो. म्हणजे एकूण बारा हजार साचा-तास.

एक हॉर्सपॉवरची साधी मोटार, नवी असताना, शंभरातले सुमारे बहात्तर भाग काम करते. बाकीचे अठ्ठावीस भाग उष्णता होऊन जातात. ती उष्णता आपल्या परिचयाची आहे. उन्हाळ्यात कारखान्यात पाय ठेवला की तोंडावर जी वाफ येते तिच्यात छपरावरच्या उन्हाबरोबर या मोटारींचाही वाटा असतो. म्हणजे कारागीर ज्या उकाड्यात बारा तास उभा राहतो, त्याचेही काही पैसे मालक बिलात भरतो. याच ताकदीची 'आयई-३' दर्जाची मोटार शंभरातले साडेब्याऐंशी भाग काम करते.

साच्याला प्रत्यक्ष अर्धा किलोवॅट ताकद लागते असे धरले, तर दोन मोटारींतला फरक तासाला सुमारे ०.०९ युनिट पडतो. ऐकायला ही रक्कम नगण्य आहे. पण बारा हजार तासांनी गुणा : महिन्याला १,०८० युनिट.

आता खरा मुद्दा. यंत्रमागाच्या विजेला राज्य शासन सवलत देते. दर नियामक आयोग ठरवते, आणि त्यातला काही भाग शासन आपल्या तिजोरीतून भरते. वीज कायदा २००३ च्या कलम ६५ चा तसा नियमच आहे. समजा, एका युनिटचे चार रुपये कारखानदार भरतो आणि चार रुपये शासन. (प्रत्येकाने आपल्या बिलावरचे आकडे घालून हाच हिशेब करावा.) तर १,०८० युनिट वाचले की कारखानदाराचे ४,३२० रुपये वाचतात. आणि शासनाचेही ४,३२० रुपये वाचतात!

नव्या मोटारीची किंमत सात हजार धरली तर चोवीस मोटारींना १,६८,००० रुपये लागतील. कारखानदाराने एकट्याने हा खर्च केला तर तो वसूल व्हायला एकोणचाळीस महिने लागतात. मंदीत ज्याचा महिना कसाबसा निघतो, तो सव्वातीन वर्षांपुढचा विचार कसा करणार? पण शासनाची बचतही त्याच खर्चात जमा केली, तर तीच रक्कम वीस महिन्यांच्या आत फिटते. खर्च मात्र आज सगळा कारखानदाराने करायचा आणि अर्धा नफा तिजोरीने घ्यायचा, अशी व्यवस्था आहे. म्हणून मी विचारतो : वाचलेल्या युनिटचा मालक कोण? दोघे असतील, तर मोटारीच्या किमतीतही दोघांचा वाटा हवा.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की अमुक साप्ताहिकात सवलत बंद करा असे लिहिले होते. सवलत बंद करा असे मी मुळीच म्हणत नाही. आजच्या बाजारात ती काढली तर निम्म्या गल्ल्यांतला खटखटाट थांबेल. माझे म्हणणे एवढेच की, सवलत फक्त जाळलेल्या युनिटवर मिळते, वाचवलेल्या युनिटवर काहीच नाही, हे उलटे आहे.

दुसरीकडच्या राज्यांनी काय केले

हे जगात कोठे झाले आहे का, असे विचाराल तर झाले आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९७४ साली स्वतंत्र कायदा करून ऊर्जा आयोग नेमला आणि फ्रिजपासून इमारतीपर्यंत वीजवापराचे नियम घातले. पुढे १९८२ च्या सुमारास तेथे वीज कंपनीचे उत्पन्न तिच्या विक्रीपासून वेगळे करण्यात आले. म्हणजे कमी वीज विकली म्हणून कंपनीचा तोटा होऊ नये आणि तिने ग्राहकाच्या बचतीत आडकाठी घालू नये. त्या राज्यात माणशी वीजवापर त्यानंतरची कित्येक वर्षे जवळजवळ स्थिर राहिला, बाकी देशाचा मात्र वाढत गेला. व्हर्माँट हे तर छोटे राज्य. तेथे १९९९ च्या कायद्यानंतर प्रत्येक बिलावर थोडा आकार घेऊन फक्त बचतीचेच काम करणारी स्वतंत्र संस्था २००० साली उभी राहिली. घरवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांना ती सल्ला देते आणि चांगल्या यंत्राच्या किमतीत मदतही करते.

अमेरिकेचे सगळे आपल्याला लागू पडत नाही, हे खरे. पण आपल्याकडेही उदाहरण आहे. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बचा भाव ३१० रुपये होता. २०१५ च्या जानेवारीत 'उजाला' योजना सुरू झाली, कोट्यवधी बल्बची एकगठ्ठा मागणी निघाली, आणि २०१६ मध्ये खरेदीचा भाव ३८ रुपयांपर्यंत खाली आला. एकट्याने दुकानात जाऊन घासाघीस करून असा भाव कधी पडला असता का? जे बल्बचे झाले ते साच्याच्या मोटारीचे का होऊ नये?

तसा प्रयत्नही झाला आहे. यंत्रमागांसाठी 'पॉवरटेक्स' योजनेची सुरुवात १ एप्रिल २०१७ रोजी आपल्याच भिवंडीतून झाली. त्याच वर्षी केंद्राने 'साथी' नावाची योजना जाहीर केली : मोटारी, रॅपियर किट आणि चांगले माग एकगठ्ठा खरेदी करायचे, छोट्या कारखानदाराला आधी पैसे न घेता द्यायचे, आणि त्याने बचतीतून चार-पाच वर्षांत हप्ते फेडायचे. २०२५ च्या जुलैमध्ये पानिपतहून लघुउद्योगांसाठी नवी योजना सुरू झाली. तिच्यात कार्यक्षम यंत्रासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजात सूक्ष्म व लघु उद्योगांना पाच टक्के सूट आहे. कापडाबरोबर पितळ, काच, चामडे, फाउंड्री हे धंदेही तिच्यात आहेत. म्हणजे आपल्या कारागिरांचे बहुतेक धंदे आले.

योजना दिल्लीहून निघते. ती गल्लीपर्यंत पोहोचवायची तर राज्याचा कायदा आणि राज्याचा पैसा तिला जोडला पाहिजे. नाहीतर वर्तमानपत्रात बातमी येते, बातमीचे कात्रण संघाच्या कार्यालयात फळ्यावर लागते, आणि पावसाळ्यात ते ओलाव्याने खाली पडते.

आपल्याच घरातल्या चार अडचणी

शासनाला दोष देणे सोपे असते. काही गाठी आपल्याकडच्याही आहेत, त्या लपवून उपयोग नाही.

पहिली गाठ भाड्याच्या जागेची. कारखाना एकाचा, साचे दुसऱ्याचे, मीटर तिसऱ्याच्या नावावर. यांत मोटार कोणी बदलायची? ज्याच्या नावावर मीटर नाही त्याला योजनेचा अर्ज भरता येत नाही आणि ज्याच्या नावावर आहे त्याला बचतीशी देणेघेणे नाही.

दुसरी गाठ मजुरीची. आपले पुष्कळ भाऊ स्वतःचे कापड विकत नाहीत. व्यापाऱ्याचे सूत घेऊन ठरलेल्या मजुरीवर ताके काढून देतात. एका वयस्क कारखानदाराला मी मोटारीचा हिशेब सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, महिन्याला चार हजार वाचतील हे तू मला सांगितलेस ते ठीक. शेठला सांगू नकोस. त्याला कळले तर पुढच्या महिन्यात तो मजुरीतून तेवढे कापील." चाचांच्या या उत्तरावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. एकट्याने बचत केली तर ती अशीच निसटते. मजुरीचा दर संघाने एकत्र ठरवला तरच ती हातात राहील.

तिसरी गाठ वाइंडिंगवाल्यांची, आणि ती नाजूक आहे. जळलेली मोटार पुन्हा भरून देणारे कारागीर बहुतेक आपल्याच मोहल्ल्यातले. त्यांच्या हाताला तोड नाही. पण मोटार भट्टीत टाकून जुनी तार जाळली की आतल्या पत्र्यांचे इन्सुलेशन बिघडते, कमी जाडीची तार भरली की ती आणखी तापते, आणि अशी चार वेळा भरलेली मोटार चालते खरी, पण जास्त वीज पिते. नव्या मोटारी आल्या तर या कारागिरांनी काय खायचे? उत्तर असे की त्यांना बाहेर ठेवून कोणतीही योजना चालणार नाही. चांगल्या मोटारीलाही बेअरिंग लागते, तिचेही वाइंडिंग कधीतरी जळते. तार न जाळता काढण्याची रीत, तारेचे अचूक माप, भरल्यानंतरची तपासणी यांचे शिक्षण त्यांना द्यावे. कायद्याने प्रशिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकलेलीच आहे. ती सगळी शिबिरे इंजिनिअरांसाठी का? एक शिबिर वाइंडिंगच्या दुकानदारांसाठी भरवा.

चौथी गाठ कर्जाची. आपल्यातले अनेक जण व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहतात. त्यांना व्याजात पाच टक्के सूट मिळाली काय किंवा दहा टक्के मिळाली काय, उपयोग नाही. यंत्र आधी द्या आणि ठरलेल्या किमतीचे हप्ते बचतीतून घ्या, अशी रचना त्यांच्या अधिक सोयीची आहे. तिच्या अटी तपासून, जाणत्यांना विचारून घ्याव्यात. शासनाने एकच दार ठेवले तर जे त्या दारातून जाऊ शकत नाहीत ते कायम बाहेरच राहतील.

मागायचे काय?

मोघम मागणीला मोघम उत्तर मिळते. म्हणून नेमके मागावे :

१. ऊर्जा संवर्धन निधीतला ठरावीक हिस्सा वीस किलोवॅटपर्यंतच्या, म्हणजे सुमारे सत्तावीस हॉर्सपॉवरच्या आतल्या जोडण्यांसाठी राखून ठेवावा.

२. जुनी मोटार द्या, नवी घ्या. किमतीतला एक हिस्सा शासनाने पुढच्या वर्षांत वाचणाऱ्या सवलतीतून आधीच द्यावा. बाकीचा हिस्सा बिलातूनच हप्त्याने घ्यावा. जुनी मोटार मात्र मोडीत जावी, ती दुसऱ्या गल्लीत विकली जाऊ नये.

३. राज्य वीज नियामक आयोगाने मागणी व्यवस्थापनाचे नियम २०१० सालीच केले आहेत. वीज वितरण करणाऱ्यांनी ग्राहकाकडच्या बचतीवर खर्च करावा आणि तो दरात धरावा अशी त्यात तरतूद आहे. यंत्रमागाच्या गावांसाठी असा कार्यक्रम आखायला सांगावे.

४. सवलतीच्या यादीत नाव असलेल्या प्रत्येक कारखान्याची एकदा मोफत वीज-तपासणी व्हावी. ती तपासणी दंडासाठी नसावी, सल्ल्यासाठी असावी, आणि तसे लेखी द्यावे.

५. भाडेकरू कारखानदाराला मीटरमालकाच्या संमतिपत्रावर योजनेचा लाभ मिळावा.

ही मागणी कोठे करायची? मंत्र्यांना निवेदन देऊन फोटो काढणे हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग कमी लोकांना ठाऊक आहे. दर ठरविण्यापूर्वी आयोगाला लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात आणि त्यांचा विचार करावा लागतो. वीज कायद्याचे कलम ६४ तसे सांगते. त्या सुनावणीला मोठ्या उद्योगांचे वकील फायली घेऊन हजर असतात. आपल्या गावांतून आकडे घेऊन कितीजण जातात?

तोवर आपण

शासन हलेल तेव्हा हलेल. तोवर काही कामे आपल्या खिशातून होण्यासारखी आहेत. चोक असलेली जुनी चाळीस वॅटची ट्यूब प्रत्यक्षात पन्नासच्या वर वॅट घेते. वीस वॅटची एलईडी ट्यूब तेवढाच उजेड देते. सोळा ट्यूब बदलल्या तर वरच्याच वेळापत्रकाने महिन्याला अडीचशे युनिट वाचतात. ट्यूब दोनशे रुपयांची धरली तर चार रुपये दरानेही तीन-चार महिन्यांत पैसे वसूल. बेअरिंगला वेळेवर ग्रीस, पट्ट्याचा योग्य ताण, सैल वायरिंगची दुरुस्ती, पॉवर फॅक्टरसाठी चांगले कपॅसिटर यांना मोठे भांडवल लागत नाही. तिसऱ्यांदा जळालेली मोटार चौथ्यांदा भरण्याआधी नव्या मोटारीचा भाव तरी विचारावा.

विजेच्या सामानाचे दुकान असलेल्या बंधूंनाही एक सूचना. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आणि एअर कंडिशनरला २०१० पासून, छताच्या पंख्याला १ जानेवारी २०२३ पासून ताऱ्यांचे लेबल सक्तीचे आहे. लेबल नसलेला माल स्वस्त मिळतो म्हणून भरून ठेवू नका. दंडाची मर्यादा वर सांगितलीच आहे. उलट लेबलवरचा वार्षिक युनिटचा आकडा गिऱ्हाइकाला वाचून दाखवा. जो दुकानदार गिऱ्हाइकाचे पुढच्या पाच वर्षांचे बिल सांगतो, त्याच्याकडे ते गिऱ्हाईक पुन्हा येते.

आणि प्रत्येक कारखानदाराने एक वही करावी. महिन्याचे युनिट आणि महिन्याचे ताके एकाच ओळीत लिहावेत. एका ताक्याला किती युनिट लागले हा आकडा ज्याला ठाऊक नाही, तो शासनाशी, शेठशी आणि आयोगाशी अंदाजाने बोलतो. अंदाजाने बोलणाऱ्याला कोणी मोजत नाही. बारा महिन्यांची वही घेऊन शंभर कारखानदार सुनावणीला उभे राहिले, तर वाचलेल्या युनिटमधला आपला वाटा मागायला वेगळ्या भाषणाची गरज पडणार नाही.